चर्च सोडायचंय पण येशूला सोडायचं नाहीये, मग काय करायचं?

"तू आता कुठे जातेस गं?" हा प्रश्न मला हल्ली सारखा येतो, आणि विचारणाऱ्याचा आवाज जरा खाली असतो म्हणजे मला कळतं की हिचं पण तेच चाललंय. स्टेज, लाइट्स, स्मोक मशीन, दर जानेवारीत 'हे तुझं ब्रेकथ्रूचं वर्ष आहे', दर डिसेंबरला त्यावर कोणी काही बोलत नाही, या सगळ्याचा वीट आलाय पण बायबल उचलून माळ्यावर टाकायची पण इच्छा होत नाही. ही गाईड अशा लोकांसाठी आहे. मी स्वतः चेंबूरची, घरचे सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, जुनं प्रॉटेस्टंट चर्च), आजी नगरकडची म्हणजे अमेरिकन मिशनऱ्यांच्या अमेरिकन मराठी मिशनवाली, आणि कॉलेजपासून मी हॉलमध्ये भरणाऱ्या एका मोठ्या चर्चच्या वर्शिप टीममध्ये गात होते, आता तिथे जात नाही, येशूला मानते. कुठलं चर्च ते सांगणार नाही, आणि खरं तर फरकही पडत नाही कारण मीरा रोडपासून कल्याणपर्यंत त्याच गोष्टी ऐकू येतात.

ज्यांना देवच नकोसा झालाय त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. आणि जे आपल्या हॉलच्या चर्चमध्ये खूश आहेत, ज्यांचा नवरा तिथे गेल्यावर दारूतून सुटला, त्यांनी कृपया तिथेच राहावं, त्यांना उठवायला मी आले नाहीये.

आधी लिहून काढा की नक्की कशाचा त्रास होतोय

कागदावर लिहा. लोक म्हणतात माझा विश्वासच उडाला, मग त्यांच्याबरोबर अर्धा तास चहा घेतला की कळतं उडालाय तो पास्टरवरचा. म्हणून वेगवेगळं लिहायचं. 'पास्टरनं नवी गाडी घेतली आणि ऑफिसच्या पोराचा पगार मात्र थकवला' हे माणसांबद्दल झालं. 'आजार बरा होत नाही म्हणजे तुझा विश्वास कमी आहे' हे शिकवणीबद्दल झालं. 'मी प्रार्थना करते तेव्हा पलीकडे कोणी आहे असं वाटतच नाही' हे देवाबद्दल. तिन्ही एकदम डोक्यात फिरत असतात त्यामुळे एकाचा राग दुसऱ्यावर निघतो. उलटंही होतं हां, म्हणजे खरा प्रश्न तिसरा असतो पण तो बोलायची भीती वाटते म्हणून माणूस वर्षानुवर्षं पास्टरच्या गाडीबद्दलच बोलत राहतो.

यादी कोणाला दाखवायची गरज नाही. 'अकाउंटेबिलिटी पार्टनर'ला (चर्चनं आपल्यावर लक्ष ठेवायला जोडून दिलेल्या माणसाला) तर अजिबात नाही, यादी संध्याकाळपर्यंत लीडरकडे पोचलेली असेल.

आणि एकदम सगळं पाडायला घेऊ नका. चाळ रिकामी करायच्या आधी ट्रान्झिटची सोय बघतात ना, तसं आधी बघा की रविवारी कुठे बसणार, आजारी पडलात तर डबा कोण आणणार, रडायला कोणाकडे जाणार. हॉलच्या चर्चनं आपल्याला हे सगळं दिलेलं असतं, ते नाकारण्यात अर्थ नाही, मुंबईत भाड्याच्या खोलीत एकटं राहणाऱ्या माणसासाठी गुरुवारचा सेल ग्रुप (घरी भरणारा छोटा प्रार्थना गट) हेच नातेवाईक असतात.

यादीत गुन्हा असेल तर ही गाईड इथेच थांबवा

म्हणजे लहान मुलाला कोणी हात लावला असेल, कोणाला धमकी दिली असेल, पैसे सरळ खाल्ले असतील, तर ते 'डिसइल्युजनमेंट' वगैरे नाही, ते पोलिसांचं काम आहे. पॉक्सो कायदा 2012 चा आहे आणि त्याप्रमाणे मुलाच्या लैंगिक छळाबद्दल माहीत असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे, पास्टरला सांगितलं म्हणजे कळवलं असं होत नाही. 1098 ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करता येतो. चर्चमधले वडीलधारे अशा वेळी मत्तय 18 काढतात, भावानं अपराध केला तर आधी त्याला एकांतात जाऊन सांग, आणि प्रकरण दाबतात. त्यांना तोच अध्याय वरून वाचायला सांगा. सहाव्या ओवीत येशू म्हणतो की लहानांपैकी एकाला जो अडखळण होईल त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेलं बरं. एकांतातलं बोलणं त्यानंतर येतं.

पाठ असलेली वचनं पूर्ण अध्यायासकट वाचा

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फायदा याचा झाला आणि खर्च शून्य. हॉलच्या चर्चमध्ये आपण बायबल तुकड्यांनी शिकतो, मगवर छापलेलं, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टाकलेलं. तुकडा घ्या आणि त्याच्या मागचंपुढचं वाचा, आणि शक्यतो मराठीत वाचा कारण इंग्लिश वचनाबरोबर पास्टरचा आवाज पण डोक्यात वाजतो.

यिर्मया 29:11 घ्या, तुमच्याविषयी माझे संकल्प मला ठाऊक आहेत, ते हिताचे आहेत वगैरे. प्रमोशनच्या आधी, व्हिसाच्या आधी, दहावीच्या रिझल्टच्या आधी हेच. हे पत्र आहे, बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं, आणि बरोबर एक ओवी आधी लिहिलंय की सत्तर वर्षं लागतील. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण तिथेच मरणार होते. त्यांना सांगितलंय काय तर घरं बांधा, बागा लावा, पोराबाळांची लग्नं करा आणि ज्या शहरात आहात त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. कुर्ला स्टेशनच्या ब्रिजवर उभं राहून हा अध्याय वाचला तर जे कळतं ते एसी हॉलमध्ये कळत नाही, असं माझं मत.

'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका', स्तोत्र 105. पास्टरला प्रश्न विचारला की हे वचन येतंच. ते स्तोत्र अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल आहे, परक्या मुलखात फिरणारी थोडीशी माणसं, आणि तंबी दिलीय ती राजांना. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला दिलेली तंबी आहे ती, आणि आपल्याकडे सत्तावाला माणूसच ती ढाल म्हणून धरतो. मोठेपणाची हौस असलेल्या माणसाबद्दल बायबलमध्ये वेगळं पत्रच आहे, योहानाचं तिसरं, इतकं छोटं की चहा निवायच्या आत वाचून होईल. त्यात दियत्रफेस नावाचा माणूस आहे, त्याला पुढे पुढे करायला आवडतं आणि जे त्याचं ऐकत नाहीत त्यांना तो मंडळीतून काढतो. त्याच्यावर मी आजपर्यंत एकही प्रवचन ऐकलेलं नाही.

आता दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला द्यायचा. मलाखी 3:10, सगळा दशांश भांडारात आणा आणि बघा मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही. त्याच अध्यायात पाच ओव्या वर, 3:5 मध्ये, देव म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध, विधवेला, अनाथाला, परक्याला छळणाऱ्यांविरुद्ध मी साक्षीला उभा राहीन. आणि पहिल्या दोन अध्यायांत जी खरडपट्टी आहे ती मुख्यतः याजकांची आहे. मग बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा 14 वा अध्याय उघडा, तिथे दशांशाचं काय करायचं ते लिहिलंय, देवासमोर कुटुंबासकट बसून खायचं, आनंद करायचा, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवायचा म्हणजे लेवी (मंदिराची सेवा करणारे), परका, अनाथ, विधवा पोटभर जेवतील. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसायलाच लागले. पंधरा हजार पगारातल्या मुलीकडून 'आधी देवाचं मग भाड्याचं' म्हणून दीड हजार घेणाऱ्यांनी हा अध्याय कधी उघडलाय का?

ईयोबाचं पण बघून ठेवा. त्याचे मित्र अगदी आपल्या लीडर लोकांसारखं बोलतात, तुझ्यात काहीतरी लपलेलं पाप असणार. पुस्तकाच्या शेवटी, 42:7 मध्ये, देव त्या मित्रांवर रागावतो, ओरडणाऱ्या ईयोबावर नाही.

कुठल्या शिकवणीचं वय किती ते शोधा

आपल्याला वाटतं की चर्चमध्ये जे शिकवलं ते सगळं पेत्र आणि पौलापासून चालत आलंय. तसं नाहीये. निकियाचा मतांगिकार, जो आजीला तोंडपाठ होता, त्याचा पाया 325 सालच्या परिषदेचा आणि आजचं रूप साधारण 381 चं. पण 'रॅप्चर' म्हणजे विश्वासणारे एकदम गायब होणार आणि बाकीचे मागे राहणार, ही मांडणी जॉन नेल्सन डार्बी या माणसानं 1830 च्या आसपास पुढे आणली आणि 1909 साली निघालेल्या स्कोफील्ड बायबलच्या तळटिपांमधून ती जगभर गेली. लहानपणी शाळेतून आल्यावर घरी कोणी दिसलं नाही तर 'सगळे गेले आणि मी राहिले' म्हणून जी पोरं रडलीत (आमच्यात अशी बरीच आहेत) त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

पुढे बोलावून निर्णय घ्यायला लावायची पद्धत अमेरिकेत चार्ल्स फिनीनं 1830 च्या दशकात लोकप्रिय केली. पैशाचं 'बी' पेरा आणि कापणी घ्या, हे ओरल रॉबर्ट्स या अमेरिकन प्रचारकाकडून, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. लग्नापर्यंतच्या पावित्र्याची कार्डं भरून घ्यायची चळवळ 1993 ची, म्हणजे माझ्यापेक्षा लहान. आणि बेनी हिन, ज्यांना आपल्याकडे घरोघरी टीव्हीवर बघितलं जायचं, त्यांनी स्वतः 2019 साली जाहीर सांगितलं की सुवार्तेला किंमत लावणं हा अपमान आहे आणि आपण आता तसे पैसे मागणार नाही. त्यांनी थांबवलं म्हणे, मीरा रोडच्या हॉलमध्ये बातमी अजून पोचायचीय.

नवीन म्हणजे खोटं असं मात्र समजू नका, आणि जोरात रडणं, अन्य भाषा बोलणं (प्रार्थनेत आपोआप अनोळखी शब्द येणं) हे सगळं अमेरिकेतून आलेलं नाटक आहे असंही म्हणू नका. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे संजीवन (रिव्हायव्हल) झालं, मुली रात्रभर रडत प्रार्थना करत होत्या, ते लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटच्या (जिथून पेंटेकॉस्टल चळवळ सुरू झाली असं मानतात) आधीचं आहे. आवाजाशी माझं भांडण नाही. आवाज शेड्यूलवर काढतात त्याच्याशी आहे, तिसऱ्या गाण्याच्या ब्रिजला ड्रम थांबवायचे, कीबोर्डवर पॅड धरायचा आणि लीडरनं हळू आवाजात 'तो इथे आहे' म्हणायचं, हे आम्ही शनिवारी प्रॅक्टिस करायचो.

आवडता प्रचारक पडला तर

थोडक्यात. रवी झकरायस यांची भाषणं मुंबईतल्या कॉलेज ग्रुप्समध्ये आम्ही अक्षरशः पाठ केली होती, मद्रासमध्ये जन्मलेला आपला माणूस, सगळ्यांना गप्प करायचा. मे 2020 मध्ये ते वारले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांच्याच संस्थेनं नेमलेल्या वकिलांचा रिपोर्ट आला, लैंगिक शोषणाचे आरोप खरे होते. ऑस्ट्रेलियातल्या हिलसाँग या मोठ्या चर्चचे ब्रायन ह्यूस्टन यांनी मार्च 2022 मध्ये राजीनामा दिला. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळींचा रिपोर्ट आला की पदाधिकाऱ्यांनी पीडितांच्या तक्रारी वर्षानुवर्षं दाबल्या. अशा वेळी दोन गोष्टी करा. त्या माणसाचे व्हिडिओ डिलीट करा, 'शिकवण तरी चांगली होती' म्हणून ठेवू नका, निदान काही दिवस. आणि त्याच्याकडून जे युक्तिवाद उचललेत ते स्वतःला अजून पटतात का ते एकेक करून तपासा. काही पटतील. काही फक्त त्याच्या आवाजामुळे पटले होते असं कळेल.

पैसे

बँकेचं ऑटो-डेबिट किंवा यूपीआय मँडेट आधी बंद करा, निर्णय व्हायच्या आधी. तेवढीच रक्कम महिनाभर बाजूला काढून ठेवा म्हणजे 'कंजुषीमुळे सोडलं' असं स्वतःलाही वाटणार नाही, मग ती सरळ गरजू माणसाला द्या, सोसायटीच्या वॉचमनच्या पोरीची फी भरा, अनुवाद 14 मध्ये तेच आहे. आणि जिथे आजवर दिलेत त्यांना साधा प्रश्न विचारायला हरकत नाही की ट्रस्टचा रजिस्ट्रेशन नंबर काय आणि ऑडिट रिपोर्ट बघायला मिळेल का. महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्टला 1950 च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते, हिशोब ठेवावे लागतात, मुंबईचं ऑफिस वरळीला आहे. चांगलं चर्च असेल तर कागद काढून हातात देतात, चहा पण पाजतात. प्रश्नाचं उत्तर म्हणून स्तोत्र 105 आलं तर तुम्हाला उत्तर मिळालं.

सांगायचं कसं

लोक इथेच अडकतात. अचानक गायब झालात तर घरी माणसं येतात फळं घेऊन, आणि मीटिंगला गेलात तर तुम्ही एकटे आणि समोर तीन लीडर अधिक त्यांच्या बायका. मीटिंगला जाऊ नका. मेसेज करा, छोटा, कारणं न देता, कारण प्रत्येक कारणावर त्यांच्याकडे उत्तर तयार असतं:

'प्रेज द लॉर्ड पास्टर. मी आणि घरचे या महिन्यानंतर चर्चला येणार नाही. खूप विचार करून ठरवलंय. इतकी वर्षं तुम्ही आमच्यासाठी जे केलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझी मीडियाची ड्यूटी 30 तारखेपर्यंत करीन, नंतर कोणाला द्यायची ते कळवा.'

बस. पुढे फोन आला तर 'ठरलंय पास्टर, प्रार्थनेत आठवण ठेवा' एवढंच, कितीही वेळा विचारलं तरी तेच वाक्य. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडताना घाबरू नका, 2022 पासून ग्रुपमधून बाहेर पडल्याचं नोटिफिकेशन फक्त अ‍ॅडमिनला जातं. ज्या दोन-तीन माणसांवर खरं प्रेम आहे त्यांना मात्र ग्रुप सोडायच्या आधी स्वतः भेटा, वडापाव खायला न्या, सांगा की चर्च सोडतेय, तुला नाही. त्यातली एखादी तरी टिकते.

घरी जास्त जड जातं. आमच्या मम्मीला हॉलचं चर्च कधीच आवडलं नव्हतं, तिला ते देवळासारखं (आम्ही जुन्या चर्चला पण देऊळ म्हणतो) वाटायचं नाही, तरी मी सोडलं म्हटल्यावर ती रडली, 'निदान कुठेतरी जात तरी होतीस'. तिच्याशी धर्मशास्त्र बोलू नका. रात्रीच्या घरच्या प्रार्थनेला बसा, तिच्याबरोबर 'उपासना संगीत'मधलं गाणं म्हणा, आई लोकांना एवढं पुरतं.

'मागे पडलीस' म्हणाले तर

म्हणणारच, म्हणजे विश्वासातून घसरलीस. हृदय कठीण झालंय, कडवटपणा आलाय, ईझबेलचा, म्हणजे बायबलमधल्या दुष्ट राणीचा, आत्मा आहे (हे फक्त बायकांना). अशा वेळी आपल्याच मराठी ख्रिस्ती घरातली माणसं आठवावीत, जी आपल्याला संडे स्कूलमध्ये फोटो म्हणून दाखवली आणि त्यांची भांडणं सांगितलीच नाहीत.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, आणि लगेच तिथल्या सिस्टर लोकांशी आणि बिशप लोकांशी त्यांचे खटके उडायला लागले. त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) त्यांचे प्रश्न होते, चर्च सांगतं म्हणून मान्य करा याला त्या तयार नव्हत्या. 1885 च्या पत्रात त्यांनी साफ लिहिलं की आपल्याकडच्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं घालून घेणार नाही. सत्तावीस वर्षांची बाई, विधवा, परक्या देशात, पदरात लहान मुलगी, आणि ज्यांच्या आश्रयाला राहतेय त्यांनाच हे लिहितेय. नंतर ती मुंबईत आली, 1889 साली शारदा सदन काढलं, पुढे केडगाव, पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर. पुढे ती स्वतः चांगली कट्टर इव्हँजेलिकल (बायबल आणि स्वतःच्या तारणाच्या अनुभवावर भर देणारी प्रॉटेस्टंट) झाली हे पण खरं, माणसाचा प्रवास सरळ रेषेत नसतो. पण जे झाली ते स्वतः झाली.

आणि नारायण वामन टिळक. त्यांचा बाप्तिस्मा इथेच मुंबईत, 1895 साली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे. बावीस वर्षं मिशनबरोबर काम केलं, मिशनचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सांभाळलं, अभंग लिहिले जे आपण अजून गातो, आणि 1917 साली मिशनची नोकरी सोडली. पगार सोडला. साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसतील असा त्यांचा विचार होता. परदेशी पैशावर, परदेशी ढाच्यात चालणाऱ्या धर्माला ते कंटाळले होते. दोन वर्षांत ते वारले, दरबार मोठा झाला नाही. पण पुढच्या वेळी कोणी तुम्हाला मागे पडलीस म्हटलं तर विचारा, टिळक पण मागे पडले होते का?

(आणि आपली आजीची मंडळी पण त्या काळच्या इव्हँजेलिकल लोकांनीच उभी केली हे विसरू नका. गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत आला, त्याच्या मिशननं 1824 मध्ये इथे मुलींची शाळा काढली, तो स्वतः 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्यानं गेला, वय जेमतेम एक्केचाळीस. 'इव्हँजेलिकल' म्हटलं की आता मला अमेरिकेच्या निवडणुका आठवतात, 2016 च्या एक्झिट पोलमध्ये तिथल्या गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी 81 टक्के ट्रम्पकडे होते आणि आपले पास्टर इथे घाटकोपरमध्ये त्यासाठी उपवास प्रार्थना ठेवत होते. दोन्ही एकाच नावाखाली मोडतात याचं मला अजून नवल वाटतं.)

बाहेरच्या लोकांना काय सांगायचं

हा प्रश्न अमेरिकेतल्या लोकांना पडत नाही, आपल्याला पडतो. तिकडे माणूस चर्चवर टीका करतो तेव्हा तो बहुसंख्यांवर टीका करतो. इथे मी ऑफिसच्या कँटीनमध्ये म्हटलं की चर्चमध्ये पैशाचे घोळ आहेत, तर समोरचा लगेच, 'बघ, आम्ही म्हणतच होतो, तांदळाच्या पोत्यासाठी बाटलेले'. 1999 साली ओडिशात ग्रॅहम स्टेन्स या मिशनऱ्याला आणि त्याच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळलं, 2008 ला तिथेच कंधमालमध्ये ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले, हे आपण विसरलेलो नाही, आणि प्रेयर मीटिंग चालू असताना दारावर जमाव येतो म्हणजे काय हे बऱ्याच वस्त्यांमधल्या लोकांना माहितीये. त्यामुळे दोन टोकं दिसतात. एक, घरातली भानगड बाहेर काढायची नाही म्हणून सगळं गिळायचं, आणि पास्टर लोक याचा भरपूर फायदा घेतात, 'आधीच छळ चाललाय, तू पण सैतानाला मदत करतेस'. दुसरं, राग इतका की ज्यांना आपण मुळातच नकोय त्यांच्या हातात आयतं कोलीत द्यायचं.

मी काय करते ते सांगते, पटलं तर घ्या. घोळ झाला त्या माणसाबद्दल, त्या ट्रस्टबद्दल ठरावीक बोलायचं, जिथे बोलून काही होईल तिथे, म्हणजे आयुक्तांकडे, पोलिसांकडे, मंडळीच्या सभेत. कँटीनमध्ये 'हो, आमच्यातही चोर आहेत, तुमच्यात नाहीत का' एवढंच. आणि तांदळाच्या पोत्याची भाषा आली की मी गप्प बसत नाही. ज्यांच्या पणजोबाला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही त्यांनी पोत्यासाठी देव बदलला म्हणणाऱ्याला विहिरीबद्दल आधी बोलायला लावावं.

रविवार आणि प्रार्थना

सुरुवातीला रविवारी सकाळी अकराला हात थरथरतात, खरंच सांगते, शरीराला सवय असते. झोपा. दादर चौपाटीला जा. नंतर वाटलं तर एखाद्या जुन्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसा. फोर्टचं सेंट थॉमस कॅथीड्रल 1718 चं आहे, तिथे मागे बसलं तर कोणी 'फर्स्ट टाइम व्हिजिटर' म्हणून हात वर करायला सांगत नाही. मराठी उपासना हवी तर सीएनआयच्या, मेथडिस्टांच्या मंडळ्या आहेत, भायखळ्याला ह्यूम मेमोरियल आहे. माहीमच्या कॅथलिक चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्त्या घेऊन उभी असतात, प्रॉटेस्टंट संस्कारांमुळे मला आधी तिथे अवघडल्यासारखं व्हायचं, आता आवडतं, कारण तिथे कोणी आनंदी असल्याचं नाटक करत नाही. जुन्या चर्चमध्ये सगळं छान आहे असं नाही हां. तिथे पैशाऐवजी जागेवरून भांडणं असतात, कमिटीच्या इलेक्शनला पॅनेल उभी राहतात, कोर्टकज्जे चालतात. पण निदान ते कोणी पवित्र आत्म्याच्या नावावर खपवत नाही.

प्रार्थना जमत नसेल तर स्वतःच्या शब्दांत करूच नका. आपल्याला शिकवलंय की छापील प्रार्थना म्हणजे मेलेली प्रार्थना, पण ज्या दिवशी आपलेच शब्द खोटे वाटतात त्या दिवशी प्रभूची प्रार्थना म्हणायची, तीही अर्धी झाली तरी चालते. स्तोत्र 88 वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी 'पण देव चांगला आहे' असं काही येत नाही, आणि तरी ते बायबलमध्ये ठेवलंय. गाणाऱ्यांसाठी वेगळा सल्ला, काही महिने कीबोर्डला हात लावू नका. पेटी आणि टाळ घेऊन टिळकांचं एखादं भजन बसून म्हणा, त्यात लाट आणायची सोयच नसते, शब्दच म्हणावे लागतात.

कागदपत्रं, जी सगळे विसरतात

बाप्तिस्म्याचा दाखला मिळवून ठेवा, मुलांचा पण. जुन्या मंडळीत नाव असेल तर वर्गणी भरत राहा, काढू नका, कारण मुंबईत लग्न आणि दफन या दोन वेळी पाळकसाहेबांचं पत्र लागतं आणि त्या दिवशी धावपळ करायची ताकद नसते. हॉलच्या बहुतेक चर्चना स्वतःचं कब्रस्तान नसतं. शिवडीला किंवा आपापल्या भागात कोणत्या मंडळीतून जागा मिळेल ते घरच्यांना आधीच सांगून ठेवा. लग्न लावणाऱ्या स्वतंत्र पास्टरकडे 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली सरकारी लायसन्स आहे का ते बघा. कुठल्याच चर्चमध्ये जायचं नसेल तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे, तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते.

परत कुठे जावंसं वाटलं तर

घाई नाही. पण वाटलं तर पहिल्या तीन रविवारी फक्त ऐका, फॉर्म भरू नका, नंबर देऊ नका. मग पाळकाला किंवा पास्टरला भेटून चार गोष्टी विचारा. इथले पैसे कोण मोजतं आणि हिशोब कुठे लावता. तुम्ही चुकलात तर तुम्हाला कोण थांबवू शकतं, आणि ते तुमचे मेव्हणे तर नाहीत ना. बायका इथे फक्त जेवण आणि संडे स्कूल बघतात की कमिटीत मत पण देतात. आणि शेवटचं, गेल्या वर्षी इथून कोण सोडून गेलं. हा प्रश्न विचारल्यावर त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. 'प्रभूनं छाटणी केली' म्हणाले तर चहा संपवून उठा. नावं घेऊन म्हणाले की ते कुटुंब नालासोपाऱ्याला गेलं, एकाचं आमच्याशी पटलं नाही, परवाच त्याच्या आईला बघायला हॉस्पिटलला गेलो होतो, तर पुढच्या रविवारी पण जाऊन बघा.